कंस काढणारा माणूस

१९९२च्या उन्हाळ्यात मी आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर गेरूनं एक घोषणा लिहिली होती. ‘डंकेल, चले जाव!’ अक्षर बरं होतं, अंदाज मात्र कच्चा. ‘डंकेल’ इतकं ऐसपैस लिहिलं की ‘चले’ संपता संपता भिंतच संपली. ‘जाव’ कोपऱ्यापलीकडे, हापशीच्या बाजूला गेलं. त्यामुळे एसटीतून उतरणाऱ्याला फक्त ‘डंकेल, चले’ एवढंच दिसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ती भिंत बघून आले. सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. बशीतला चहा फुरकत म्हणाले, “बरोबर लिवलं तुनं. आपल्याले चालते डंकेल.”

घरात तेव्हा अशी सरळ फूट होती. मी तालुक्याच्या कॉलेजात. तिथं डावे आणि स्वदेशीवाले एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, पण डंकेलच्या विरोधात एकाच मांडवात बसत. बाबा शरद जोशींच्या सभेला कुठंही जायचे, मिळेल त्या गाडीनं. आणि जोशी तर उघड सांगत होते की डंकेल प्रस्ताव, म्हणजे जागतिक व्यापाराच्या नव्या कराराचा मसुदा, शेतकऱ्याच्या भल्याचा आहे. शेजारच्या कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींची रयत संघटना त्याच प्रस्तावाविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. दोन्हीकडे शेतकरीच, दोन्हीकडे लाखांच्या सभा, आणि भांडण एका कागदावरून. तो कागद गावात कुणीही वाचला नव्हता. मीही नाही.

खरं सांगायचं तर डंकेल हा माणूस आहे हेही मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. मला ती कंपनी वाटायची. माझ्याबरोबर गेरूचा डबा धरणाऱ्या मित्राला ते फवारणीचं औषध वाटायचं. त्याचं फार चुकलं नसावं, कारण त्या वर्षी कापसावर बोंडअळी होती आणि दुकानात रोज नवीन नावाची बाटली यायची.

पुढं नोकरीत माझ्या नशिबी मसुदे लिहिणं आलं. दोन विभागांचं पटत नसलं की मधल्या माणसाला बसवून ‘दोघांना चालेल असं काहीतरी लिहा’ म्हणतात, तो मधला माणूस मी. बत्तीस वर्षं हेच केलं. त्यातूनच मला पुन्हा डंकेल आठवला आणि या वेळी मी त्याच्याविषयी जमेल ते वाचलं. ज्याला मी भिंतीवरून हाकलला होता, तो माझ्याच जातीचा निघाला. मसुदेवाला.

आर्थर डंकेल जन्मला १९३२ साली पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात, पण नागरिक स्वित्झर्लंडचा. लोझानला अर्थशास्त्र शिकला आणि १९५६ साली बर्नमध्ये स्विस सरकारच्या परराष्ट्र व्यापाराच्या कचेरीत चिकटला. पुढची चोवीस वर्षं पायरी पायरीनं. विकसनशील देशांशी सहकार्याचा विभाग, मग जागतिक व्यापार धोरणाचा विभाग, मग जिनिव्हात गॅटमध्ये स्वित्झर्लंडचा प्रतिनिधी. १९८० साली तो गॅटचाच महासंचालक झाला आणि १९९३पर्यंत राहिला. यात कुठं निवडणूक नाही, भाषण नाही, हार नाही. फायली आणि बैठका. जर्मन भाषेत ‘डुंकेल’ म्हणजे अंधार. हे तेव्हा आमच्या मांडवात कुणाला माहीत असतं तर घोषणांना तोटा नव्हता.

आता गॅट. शुल्क आणि व्यापारविषयक सर्वसाधारण करार. १९४७ साली जिनिव्हात तेवीस देशांनी त्यावर सह्या केल्या, त्यात भारत होता. खरा बेत होता एक मोठी आंतरराष्ट्रीय व्यापार संघटना काढायचा. तिची सनद १९४८ साली हवानात तयारही झाली, पण अमेरिकेच्या संसदेत ती पुढं सरकेना, आणि १९५० साली ट्रुमन सरकारनं नाद सोडला. मागे उरला तो हा तात्पुरता करार. सत्तेचाळीस वर्षं तो तात्पुरताच चालला. कार्यालयातली माणसं कागदोपत्री त्या कधीच न जन्मलेल्या संघटनेच्या ‘अंतरिम आयोगा’ची नोकर होती! आमच्याकडे हंगामी कर्मचारी वीस वर्षं हंगामी राहतो त्याचं मला आता काही वाटत नाही. जगाचा व्यापारच हंगामी माणसांनी चालवला.

या असल्या संस्थेच्या प्रमुखाला अधिकार काय? जवळजवळ शून्य. तो कुणाला दंड करू शकत नाही, कुणाचं शुल्क बदलू शकत नाही. निर्णय घेतात देश, तेही सर्वसंमतीनं. त्यानं खुर्च्या मांडायच्या, लोकांना बोलवायचं. महासंचालकाच्या शेजारच्या एका खोलीत मोजक्या देशांच्या प्रतिनिधींना बसवून गाठी सोडवायच्या. त्या खोलीला म्हणायचे ग्रीन रूम. मराठी माणसाला ग्रीन रूम म्हटलं की नाटकाचा रंगपट दिसतो, आणि ते अगदीच गैर नाही. खरा चेहरा तिथं दिसायचा, मुख्य सभागृहात रंगवलेला. ज्या छोट्या देशांना त्या खोलीत बोलावणं नसे ते बाहेर ताटकळत, आणि त्यांचा राग रास्त होता. डंकेलनं हा रंगपट भरपूर वापरला. त्याच्या खात्यावर ही एक बाजू मांडून ठेवायलाच हवी.

१९८६च्या सप्टेंबरात उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते या समुद्रकाठच्या गावात वाटाघाटींची नवी फेरी सुरू झाली. तिथंही मसुद्याची गंमत आहे. भारत आणि ब्राझील यांच्या नेतृत्वाखाली दहा देशांचा गट सेवाक्षेत्र या चर्चेत घ्यायला तयार नव्हता. ज्या मसुद्यावर शेवटी काम झालं तो कोलंबिया आणि स्वित्झर्लंडच्या राजदूतांनी मिळून केलेला. कोलंबियाची कॉफी, स्वित्झर्लंडचं दूध, म्हणून त्याचं नावच पडलं ‘काफे ओ ले’. एवढ्या कोरड्या धंद्यात माणसं कुठंतरी हसायची जागा शोधतात, हे मला अनुभवानं माहीत आहे.

फेरी चार वर्षांत संपायची होती. १९९०च्या डिसेंबरात ब्रसेल्सला मंत्री जमले आणि शेतीवर सगळं मोडलं. स्वीडनच्या मंत्र्यानं एक ‘नॉन-पेपर’ फिरवला. नॉन-पेपर म्हणजे असा कागद की जो उद्या कुणी विचारलं तर कागदच नव्हता असं म्हणता यावं. त्यात शेतीची मदत पाच वर्षांत तीस टक्के कमी करा असं होतं. युरोप, जपान, कोरिया नाही म्हणाले, लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी मग बाकीच्या टेबलांवरूनही माणसं उठवली. सगळे घरी.

इथं मला कंसांविषयी बोलायचं आहे. आमच्या गावात कंस म्हणजे कृष्णाचा मामा. वाटाघाटीवाल्यांच्या जगात कंस म्हणजे न मिटलेलं भांडण. मसुद्यात ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकटी कंसात घालतात. ‘[वीस] [तीस] टक्के कपात [करतील] [करण्याचा प्रयत्न करतील].’ एका ओळीत दोन भांडणं. ब्रसेल्सला जे बाड गेलं होतं ते अशा कंसांनी खच्चून भरलेलं होतं. आणि नियम असा की सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही. म्हणजे कापडावरचा एक कंस राहिला तरी पेटंटवरचा करार लटकणार.

मी आयुष्यभर कंस टाळायची दुसरी युक्ती वापरली. ‘यथोचित’, ‘शक्यतो’, ‘नियमानुसार आवश्यक ती कार्यवाही’. हे शब्द म्हणजे आमचे अदृश्य कंस. दोन्ही साहेबांना आपापला अर्थ काढता येतो आणि फाईल पुढं जाते. भांडण मिटत नाही, फक्त खालच्या माणसाच्या टेबलावर जातं. तालुक्याच्या माणसाला ते ‘यथोचित’ लागू करावं लागतं.

डंकेलनं ते केलं नाही. १९९१चं वर्षभर त्यानं माणसं पुन्हा टेबलावर आणली आणि २० डिसेंबर १९९१ला एक संपूर्ण मसुदा सगळ्यांसमोर ठेवला. चारशेहून जास्त पानं. जिथं देशांचं जमलं होतं तिथं जमलेलं लिहिलं. जिथं जमलं नव्हतं तिथं त्या त्या गटाच्या अध्यक्षानं आणि डंकेलनं स्वतःच्या अंदाजानं आकडा घातला आणि कंस काढून टाकले. श्रीमंत देशांनी शेतीमालाची आयात शुल्कं सहा वर्षांत सरासरी छत्तीस टक्के उतरवायची. देशांतर्गत मदत वीस टक्के. निर्यात अनुदानावरचा खर्च छत्तीस टक्के आणि अनुदान घेऊन बाहेर जाणारा माल चोवीस टक्के कमी करायचा. विकसनशील देशांना त्याच्या दोन तृतीयांश, तेही दहा वर्षांत. घ्या नाहीतर सोडा.

अधिकार नसलेल्या माणसानं असा मसुदा ठेवणं म्हणजे काय, हे मसुदेवाल्यालाच कळेल. तो कुणाचाच राहत नाही. ज्याचा आकडा घातला तोही म्हणतो अजून घालायला हवा होता. फ्रान्सचे शेतकरी त्याच्यावर चिडले, कारण त्यांचं अनुदान जाणार होतं. जपान-कोरियाचे चिडले, कारण बाहेरचा तांदूळ येणार होता. कर्नाटकचे चिडले बियाण्यासाठी. १९९२च्या डिसेंबरात इकडे बंगळूरमध्ये कारगिल या बियाणं कंपनीच्या कचेरीत आंदोलक घुसले आणि कागद रस्त्यावर फेकले गेले. त्याच महिन्यात तिकडे स्ट्रासबर्गला युरोपभरचे शेतकरी मोर्चा घेऊन जमले. एका कागदानं इतक्या जणांना एकाच वेळी रस्त्यावर आणलं, आणि प्रत्येकाला त्यात वेगळंच भूत दिसलं.

आता शरद जोशी. मला हे फार उशिरा ध्यानात आलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. जोशी भारतीय टपाल सेवेतले अधिकारी. १९६८पासून १९७७पर्यंत जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते, बर्नला. म्हणजे त्याच शहरात, त्याच वर्षांत, जिथं डंकेल व्यापाराच्या फायली हलवत होता. दोघंही साहेब, दोघंही बैठकांना कंटाळलेले असणार. टपालवाल्याचा आणि व्यापारवाल्याचा संबंध यायचं काही कारण नाही. पण बर्नसारख्या लहान राजधानीत सकाळच्या ट्रामला समोरासमोर उभे राहिले असतील, असं मी मनात एकदा चित्र काढलं आणि ते पुसवत नाही.

ही टपाल संघटना १८७४ सालची, बावीस देशांनी बर्नमध्येच करार करून काढलेली. तिचं मूळ सूत्र असं की टपालापुरतं सगळं जग हा एकच प्रदेश मानायचा. माझ्या देशातून दुसऱ्या देशाचं पत्र तिसऱ्याकडे जाणार असेल तर मी ते अडवणार नाही. बर्नच्या एका बागेत या संघटनेचं स्मारक आहे. पृथ्वीच्या गोलाभोवती पाच खंडांच्या पाच बाया हातातून हातात पत्र देतात. असल्या गावात नऊ वर्षं काढून जोशी चाकणजवळ आंबेठाणला आले, कोरडवाहू जमीन घेतली, आणि त्यांना दिसलं की पत्र लिस्बनहून चाकणला विनासायास येतं, चाकणचा कांदा मात्र सरकारला वाटेल तेव्हा बंदरावर अडतो. दोन गोष्टींची अशी जोड त्यांनी कुठं घातली असं मी म्हणत नाही. ही माझी जोड आहे. पण ते डंकेलच्या बाजूनं का उभे राहिले हे मला असं जोडलं की जास्त कळतं.

त्यांचा हिशेबी मुद्दा वेगळा होता आणि भक्कम होता. गॅटच्या पद्धतीनं मदत मोजायची तर सरकार देत असलेला भाव आणि बाहेरचा भाव यांतला फरक काढतात. १९८६ ते १९८८ ही मोजणीची वर्षं. अमेरिका-युरोपात हा फरक मोठा अधिक निघाला. भारत सरकारनं स्वतःच मांडलेल्या आकड्यांत बहुतेक पिकांचा फरक उणे निघाला. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नव्हतं, त्याच्याकडून घेत होतं. जोशी वर्षानुवर्षं जे सभेत सांगत होते ते सरकारनं जिनिव्हाला लेखी दिलं. बाबांना हा ‘उणे’ शब्द इतका आवडला होता की घरात कुणी साखर कमी घातली तरी म्हणायचे, “उणे सबसिडी लावली का वं?”

बाबांना मात्र हे कळायला जोशींची गरज नव्हती. मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. महाराष्ट्रात १९७२पासून कापसाची एकाधिकार खरेदी. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. ग्रेडर हात घालून बघणार, दर्जा ठरवणार, आणि पैसे चुकाऱ्यानं, कधी एक चुकारा, कधी दुसरा, मधे महिने. पैनगंगेच्या पलीकडे आंध्र. तिकडचा व्यापारी त्या साली जास्त देत होता आणि रोख देत होता. नदी उन्हाळ्याकडे झुकली की गुडघाभर पाणी. गावातली अर्धी माणसं रात्री गाड्या पाण्यात घालायची.

बाबांनी एकदाच घातली. सात क्विंटलच्या आसपास कापूस, वर कडब्याच्या पेंढ्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्या कोंबल्या होत्या, त्या मी कोंबल्या होत्या, म्हणून आठवतं. पहाटेपर्यंत परत येतो म्हणाले. आले तिसऱ्या दिवशी, पायी. पलीकडे जायच्या वाटेवर धरलं. गाडी, बैल, कापूस, सगळं जप्त. बैल आठवड्यानं सुटले, वाळलेले. कापूस सुटला नाही. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही आणि बाबा कुणाशी बोलले नाहीत. त्यांनी बिल्ला लावला तो त्यानंतरच्या हंगामात.

तर १९९२ साली मी भिंतीवरून डंकेलला हाकलत होतो तेव्हा बाबांचं म्हणणं एवढंच होतं. “तो डंकेल मले कुठं अडवून रायला? मले तं आपल्याच मानसानं अडोलं. नाक्यावर.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी साम्राज्यवादावर काहीतरी बोललो.

इतक्या वर्षांनी दोघांचा हिशेब मांडतो तर दोघांचंही चुकलेलं दिसतं.

माझी मोठी भीती बियाण्याची. डंकेल आला की शेतकऱ्याला घरचं बी ठेवता येणार नाही, असं आम्ही चौकाचौकात सांगत होतो. करारात पिकांच्या वाणांना संरक्षण द्यायचं बंधन आलं, पण पद्धत देशानं ठरवायची होती, आणि भारतानं २००१ साली जो कायदा केला त्यात शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, बदलून घ्यायचा, विकायचाही हक्क ठेवला. फक्त कंपनीच्या नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. भाषणं देताना माझ्या डोळ्यांसमोरचंच मला दिसत नव्हतं. बाबा कितीतरी वर्षं एच-४ लावत होते. हा कापसाचा संकरित वाण १९७० साली गुजरातेत, सुरतच्या संशोधन केंद्रात निघाला. संकरित बी दुसऱ्या वर्षी ठेवून चालत नाही, दरसाल विकतच आणावं लागतं. म्हणजे कापसापुरता घरचा बियाण्याचा मटका डंकेलच्या वीस वर्षं आधी रिकामा झाला होता, आणि तो कुठल्या विदेशी साहेबानं रिकामा केला नव्हता. औषधांच्या बाबतीत मात्र आमची भीती पोकळ नव्हती. २००५पासून भारतात औषधावर थेट उत्पादनाचं पेटंट मिळू लागलं ते याच करारामुळे.

बाबांची मोठी आशा अशी की अमेरिकेचं अनुदान उतरलं की जगात कापसाचा भाव चढेल. त्यांची आशा मसुद्यातल्या आकड्यांवर होती. आणि ते आकडे टिकलेच नाहीत. १९९२च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाऊसमध्ये अमेरिका आणि युरोप दोघंच बसले. अनुदान घेऊन बाहेर जाणाऱ्या मालाच्या कपातीचे चोवीसचे एकवीस टक्के झाले. शेतकऱ्याला थेट दिलेल्या काही रकमा कपातीतून वगळल्या. कंस काढायला डंकेलला पाच वर्षं लागली होती. दोघांनी दारामागे बसून नवे आकडे घातले आणि बाकी शंभरावर देशांनी ते मान्य केले. १९९३च्या जूनअखेर डंकेलची मुदत संपली, जुलैत पीटर सदरलँड आले, १५ डिसेंबरला फेरी संपली. १९९४च्या एप्रिलमध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला सह्या झाल्या. भारताच्या वतीनं प्रणव मुखर्जींनी केली. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ला उभी राहिली. ज्याच्या नावानं आम्ही पुतळे जाळले तो तेव्हा खुर्चीवर नव्हताच.

अमेरिकेच्या कापसाचं अनुदान पुढंही चालूच राहिलं. २००३ साली कानकुनच्या बैठकीत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब आफ्रिकी देश त्यावर उभे राहिले. ब्राझीलनं खटला भरला, २००५च्या मार्चमध्ये अपिलातही जिंकला. २०१४ साली अमेरिकेनं तीस कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. अनुदानाचा निकाल लागला आणि अनुदान राहिलं. डंकेल २००५च्या जूनमध्ये वारला. अपिलाचा निकाल त्यानं वाचला असेल का, हा मला उगाच पडणारा प्रश्न.

त्याच्या मसुद्यावर माझी स्वतःची तक्रार एकच आहे, आणि ती मी तेव्हा भिंतीवर लिहायला हवी होती. आयातीची दारं किती उघडायची यावर त्यात आकडे आहेत, तक्ते आहेत, वर्षं आहेत. निर्यातीचं दार स्वतःच्या शेतकऱ्याच्या तोंडावर आपटणाऱ्या सरकारला काय सांगायचं, याला शेतीच्या करारात एक कलम, बारावं. दोन परिच्छेद. अन्नधान्याची निर्यात रोखण्याआधी आयात करणाऱ्यांच्या अन्नसुरक्षेचा विचार करा आणि कळवा, इतकंच. विकसनशील देशांना त्यातूनही सूट, तो माल ते आयातीपेक्षा जास्त निर्यात करत नसतील तर. आयात करणाऱ्याची काळजी आहे, पिकवणाऱ्याची नाही. कारण टेबलावर पिकवणारा बसलेला नव्हता, त्याचं सरकार बसलं होतं, आणि कुठलं सरकार स्वतःचे हात बांधून घेईल? म्हणून कांद्यावर २०२३च्या ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात पूर्ण बंदी आली, मे महिन्यात उठली, शुल्क राहिलं, मग निम्मं झालं, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये गेलं. लासलगावच्या माणसानं कुठल्या कागदावर विसंबून लागवड करायची?

हे सगळं लिहिताना मला डंकेलच्या देशाची आठवण होते. स्वित्झर्लंड गॅटचा पूर्ण सदस्य झाला १९६६ साली, आणि आत येताना स्वतःच्या शेतीसाठी वेगळी सवलत मागून आला. आल्प्सच्या उतारावर गाय चरली पाहिजे, तिच्या गळ्यात घंटा वाजली पाहिजे, त्यासाठी जनता कर भरायला तयार. डंकेल तेव्हा बर्नच्याच कचेरीत होता. म्हणजे जगाला शेतीची कुंपणं उतरवायला सांगणारा माणूस सगळ्यांत उंच कुंपणाच्या आत वाढला होता. यात मला ढोंग दिसत नाही. कुंपणाला किती खर्च येतो हे आतल्याच कारकुनाला ठाऊक असतं.

गेल्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेनं भारताच्या मालावरचं शुल्क दोन टप्प्यांत पन्नास टक्क्यांवर नेलं. घोषणा झाली आणि लागू झालं. ना फेरी, ना ग्रीन रूम, ना कंस. भांडण न्यायचं अपिलाचं दार तर २०१९च्या डिसेंबरपासून बंदच आहे, कारण अमेरिकेनं नवे पंच नेमूच दिले नाहीत. त्याच ऑगस्टात आपल्या सरकारनं कापडगिरण्यांना दिलासा म्हणून कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. गावाकडे भाऊ शेती करतो, त्याचा फोन आला. वेचणी तोंडावर आली होती. तो शिव्या देत होता, पण कुणाला द्याव्या हे त्याला नीट ठरवता येत नव्हतं. थोडा वेळ वॉशिंग्टनला दिल्या, थोडा वेळ दिल्लीला, शेवटी मला. “तू तं साहेब होता नं, तुमीच लिवता असले कागद.”

दिवाळीला घरी गेलो. सातबाऱ्याचं काही काम निघालं म्हणून बाबांची पत्र्याची पेटी काढली. बाबांना जाऊन सात वर्षं झाली. पेटीत सोसायटीच्या पावत्या, आईच्या दवाखान्याचे कागद, एच-४ची एक रिकामी थैली कशासाठी ठेवली होती कुणास ठाऊक. बिल्ला होता, रंग विटका, पिन गंजून चिकटलेली. आणि बिल्ल्याखाली चौपदरी घडी घातलेला पंचनाम्याचा कागद, घडीवर फाटलेला. कारकुनाचं अक्षर सुंदर होतं. बाबांच्या सहीच्या जागी अंगठा, आणि त्यांना तर सही येत होती. ‘मुद्देमाल’ या रकान्यात लिहिलं होतं, कापूस अंदाजे सात क्विंटल, बैलगाडी एक, बैल दोन. त्याखाली ‘गुन्ह्याचे स्वरूप’. तिथं एकच ओळ, कुठंही कंस नसलेली : ‘स्वतःच्या शेतातील कापूस राज्याबाहेर नेणे.’